लिहिताना लाईट जाता कामा नये

चिप पुसून झाली होती आणि नवीन लिहिणं नुकतंच सुरू झालं होतं, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत आईचा फोन थरथरत वाजला आणि तो पप्पांनी उचलला.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. अशा वेळी कशालाही हात लावायचा नसतो. पडद्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती आणि तिच्याखाली इंग्रजीत धमकी होती, संगणक बंद करू नका. आई भांडी टाकून माझ्या मागे येऊन उभी होती. तिच्या ओल्या हातांचं पाणी माझ्या खांद्यावर टपकत होतं.

"किती वेळ लागतंय गं?"

"पट्टी भरेपर्यंत."

"आणि मधीच लाईट गेली तर?"

"तर मेला हा. परत उठायचा नाही. मुस्तफाचाचाच्या भंगारात."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, स्पीकरवरचा, अख्ख्या घराला ऐकू जाईल असा.

"हॅलो, बुगड मॅडम हैत का?"

माझ्या खांद्यावर टपकणारं पाणी थांबलं. आईनं हात पदरात गुंडाळून घेतले होते.

मी तेव्हा आठवीत होते, आता बारावीत आहे, तर मधल्या वर्षांत आलेली अक्कल वजा करून सांगते.

आम्ही इचलकरंजीचे. दोन खोल्यांचं घर आणि तिन्ही बाजूंनी यंत्रमागांचे कारखाने. आतल्या खोलीला पूर्वी खिडकी होती, ती पलीकडच्या कारखानदाराची भिंत टेकली तेव्हा बुजली, त्यामुळे भर दुपारीसुद्धा तिथं ट्यूब लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही. माग चालू असले की फळीवरची ताटं आपोआप वाजतात. आमच्या गल्लीत कुजबुज हा प्रकारच नाही. इथं लाडानं बोलायचं झालं तरी ओरडूनच बोलावं लागतं.

पप्पा जॉबर होते, म्हणजे अडलेले माग दुरुस्त करणारे. मिसरूड फुटायच्या आधीपासून मागांच्या मधे उभे राहून त्यांचे कान गेलेले. पूर्ण नाही. जाड आवाज कळायचे, बारीक आवाज त्यांच्यासाठी जगातच नव्हते. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू आलेली मला आठवत नाही. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे, फोन नेहमी स्पीकरवर. आणि सुट्टीच्या दिवशीही कपाळ चोळत म्हणायचे, "हे माग जरा थांबले तर बरं." माग थांबलेलेच असायचे. ते त्यांच्या डोक्यात चालायचे. म्हणून त्यांना एक सवय होती. माग खरंच चालू आहेत की नाहीत हे बघायचं असलं की ते भिंतीला तळहात लावायचे. भिंत थरथरली तर चालू.

दारू पीत नव्हते. हे गल्लीत कौतुकानं सांगितलं जायचं. कुणाचा पंखा अडला, कुणाचा फ्यूज उडाला, की "विलासला बोलवा" ठरलेलं.

आई घरी बसून साड्यांच्या काठांची डिझाईन करायची. कॉम्प्युटरवर, चौकटी चौकटी भरत. माऊस डाव्या हातानं धरायची, कारण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. कुणी विचारलं की सांगायची, "लाईट गेलती, दारात सापडली." एका डिझाईन सेंटरनं टाकून दिलेला तो कॉम्प्युटर. लहान काठ निघायचे त्याच्यावर. पण त्याच सेंटरच्या कबाडेशेटनी रुईफुलाच्या काठाची मोठी फाईल दिली आणि त्यानं मानच टाकली. फाईल उघडली की पडदा गोठून बर्फ. आई माऊस धरून तासभर त्या बर्फाकडे बघायची. हे काम जमलं तर शेट तिला सेंटरला कायमचं बसवणार होते, स्वतःचं टेबल, स्वतःची खुर्ची. नाही जमलं तर दुसरी बाई तयारच होती.

मग मी पदर खोचला. म्हणजे मला पदर नव्हता, पण खोचला. मुस्तफाचाचाकडे कुठल्यातरी ऑफिसचे मोडीत निघालेले मोठे कॉम्प्युटर आले होते, त्यातला एक दणकट प्रोसेसर त्यांनी मला असाच दिला, वर एक जुना यूपीएस, लाईट गेली तरी बॅटरीवर थोडा वेळ तग धरणारा, पण त्या बॅटरीचा भरवसा नव्हता. प्रोसेसर आमच्या बोर्डावर बसला, अगदी मापात. पण चालू केलं की पडदा काळा.

"का गं?" आईनं विचारलं.

"बोर्डावर नखाएवढी चिप असती बघ. हा जागा झाला की पयला तिला विचारतोय, मी कोण, मला काय काय जमतंय. तिच्यात जे लिहिलंय तेवढंच ह्याला खरं वाटतंय. आणि तिला हा प्रोसेसर म्हाईतच नाही."

"म्हणजे सटवाईगत."

"कोण?"

"सटवाई गं. पाचवीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिवून जाती ती. तुझ्या पाचवीला मी कोरा कागद आन् पेन ठेवलंतं पाटावर."

"हां, तसंच. पण एका माणसानं आपल्याच बोर्डासाठी ते लिहिणं बदलून नेटवर ठेवलंय. कंपनीचं नव्हं, त्यानं स्वतः बसून केलंय. जुनं पुसायचं, त्याचं लिहायचं."

"सटवाईनं लिवल्यालं पुसतंय व्हय कुणी?"

"हिचं पुसता येतंय. फक्त लिहिताना लाईट जाता कामा नये."

आई हसेल असं मला वाटलं होतं. ती दाराशेजारच्या मीटरकडे बघत राहिली.

"मग सुट्टीदिवशी नको करू. पप्पा घरात असत्यात."

"सुट्टीलाच करायला पायजे. माग चालू असले की व्होल्टेज नाचतंय."

माझं खरं होतं, आणि मी जिंकले. मला तेव्हा जिंकायची फार हौस होती. अजूनही आहे.

तर तो सुट्टीचा दिवस होता. सकाळचे अकरा वाजले असतील. सगळे माग बंद. गल्ली इतकी शांत की तीन घरं पलीकडच्या गौराक्काच्या कढईत काय पडलं तेही कळत होतं.

"कोण मॅडम?" पप्पा फोनवर म्हणाले.

"अहो, शैला मॅडम. मी कबाडे बोलतोय. मॅडमना म्हणावं रुईफुलाचं उद्या पायजेच. आणि सेंटरला बसायला येताय का म्हणून विचारलं होतं, त्यांनी काय ठरवलंय तेवढं सांगा म्हणावं."

"विचारतो मॅडमना," पप्पा अगदी अदबीनं म्हणाले आणि फोन ठेवला.

ते उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. चिडले की पप्पांचा आवाज चढत नसे, उतरत असे.

"मॅडम. सेंटरला बसणार म्हणं तुम्ही."

आई त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलली. "अजून काय ठरलं न्हाई. तुमाला इचारणारच हुते."

"मला कशाला? मी साधा जॉबर. मॅडम तुम्ही." मग माझ्याकडे न बघता, "उत्के, भायेरचं दार लाव."

हे वाक्य मला पाठ होतं. आधी दार, मग लाईट, मग बाकीचं. मी पडद्याकडे तोंड करूनच म्हणाले, "मी उठणार नाही. लिहिणं चाललंय." माझे ओठ त्यांना दिसले नाहीत. दार त्यांनी स्वतःच लावलं. एरवी ह्याच्या आधी ते भिंतीला तळहात लावून बघायचे. त्या दिवशी नाही लावला. मॅडम ह्या एका शब्दानं त्यांचं डोकं भरून गेलं होतं.

मग मीटरजवळ कट्ट झालं. फ्यूज काढल्याचा तो आवाज. चिनीमातीचा तो ठोकळा काढून ते खिशात ठेवायचे. आमच्या घरची लाईट जायची ती अशी.

एरवी ह्यानंतर काळोख असायचा. मी कोपऱ्यात, तांदळाच्या डब्याशेजारी, कानांवर हात. मला मागांचा आवाज यायचा, आणि मधे मधे पट्ट्याचा. मागातला चामड्याचा पट्टा, आडवा धागा नेणारा धोटा फेकणाऱ्या काठीला बांधतात तो. आईचा आवाज कधीच यायचा नाही. मला वाटायचं, माझी आई लई घट्ट आहे.

पण त्या दिवशी काळोख झालाच नाही. ट्यूब गेली, पंखा गेला, आणि पडदा तसाच जळत राहिला, निळा, आणि पट्टी सरकत राहिली. पायाशी यूपीएस ओरडायला लागला. पीप. पीप. पीप. बारीक, टोकदार, सुईसारखा.

पप्पा पट्टा हाताला गुंडाळत आत आले आणि थबकले. त्यांच्या तोंडावर तो निळा उजेड पडला. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच बघत होते. त्यांनाही कुणी बघायची सवय नव्हती.

"बंद कर ते."

मी मान हलवली. ते त्यांना दिसलं.

पहिला पट्टा मला बसला, कानापासून हनुवटीपर्यंत. तोंडात खारट आलं. दुसऱ्याला आई मधे आली. त्यांनी तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं फळीवर आपटलं. ताटं, वाट्या, पितळी डबा, सगळं खळ्ळकन खाली. पट्टा वर जात होता, खाली येत होता, एका तालात, माग चालावा तसा. आई भिंतीला घसरत खाली बसली, आणि तेव्हा त्या निळ्या उजेडात मला दिसलं. तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता. दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मार चुकवायला तिच्याकडे एकही हात उरला नव्हता. घट्ट वगैरे काही नाही. ती प्रत्येक वेळी ओरडत होती, पदराच्या आत.

पट्टी निम्म्याच्या पुढं गेली होती.

पप्पांनी तिला सोडलं आणि ते टेबलाकडे वळले. मी खाली झेप घेतली आणि यूपीएसवर पालथी पडले, पोटाखाली घेऊन, कोंबडी अंडी घेते तशी. पाठीत लाथ बसली. मग बरगडीत. श्वास कुठं जातो ते कळलं नाही. यूपीएस माझ्या पोटात पीप पीप करत होता आणि मी मनात म्हणत होते, लिही, लिही, लिही.

"ह्या डबड्यानं मॅडम केली व्हय तुला," ते म्हणाले. त्यांनी पडदा दोन्ही हातांनी उचलला आणि वायरीसकट भिंतीवर घातला.

फाट्कन आवाज झाला आणि काळोख.

"मेलं," पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

ते मेलं नव्हतं. पडदा फुटला म्हणून कॉम्प्युटर थांबत नसतो. त्याचा पंखा फिरत होता. माझ्या पोटाखाली यूपीएस केकाटत होता. हे मला ऐकू येत होतं, आईला ऐकू येत होतं, आणि बंद दारापलीकडे सगळ्या गल्लीला ऐकू येत असणार. फक्त एका माणसाला ऐकू येत नव्हतं, आणि काळोखात त्याला आता कुणाचे ओठही दिसत नव्हते.

पट्टा परत सुरू झाला. माझ्यावर नाही. तिकडे, भिंतीजवळ.

मी यूपीएस सोडला. लोकांना आता सांगते तेव्हा ते विचारतात, एवढं जपलंस आणि मग सोडलंस कसं? विचार करून नाही सोडला. फुटक्या काचेवरून रांगत गेले, चाचपडत, आधी आईचा पाय लागला, मग दंड, मग तोंड. मी तिच्या तोंडातला बोळा धरून ओढला. तिनं दातांनी आवळून धरला. मी दुसऱ्या हातानं तिची हनुवटी दाबली आणि उपसून काढला, हातभर ओला पदर.

"आई, ओरड."

"नको," ती पुटपुटली. "लोक..."

"माग बंद हैत, आई. आज माग बंद हैत. ओरड."

पट्टा खाली आला आणि आई ओरडली.

असला आवाज मी परत ऐकलेला नाही. तो एका पट्ट्याचा नव्हता. किती वर्षांचे साठलेले होते कुणास ठाऊक, एकामागून एक निघत राहिले. पप्पा थांबले नाहीत. त्यांच्यासाठी ती नेहमीसारखीच गप्प होती.

त्यांचा हात माझ्या वेणीत अडकला. माझा हात तांदळाच्या डब्यामागं गेला. तिथं एक जुना धोटा पडलेला असायचा, दुरुस्तीला आणलेला. धोटा तुम्ही हातात घेतलाय का कधी? दीडदोन वीत लाकूड, पण जड, आणि दोन्ही टोकांना पोलादी चोच. चालत्या मागातून उडाला तर माणसाचा डोळा नेतो. मी तो मुठीत धरला आणि समोर जे होतं त्यावर घातला. गुडघा होता. हाड वाजलं. ते त्यांनाही ऐकू गेलं असावं, कारण ते "आई गं" म्हणाले आणि माझी वेणी सुटली. मी परत घातला. ते खाली आले. मी तिसऱ्यांदा उचलला होता तेव्हा आईनं माझं मनगट धरलं.

"बास. दार उघड जा."

दार बाहेरून कुणीतरी आधीच बडवत होतं. मी कडी काढली आणि उजेड आत पडला, पाठोपाठ गौराक्का, हातात उलथनं, उलथन्याला चिकटलेली भजी. तिच्यामागं सगळी गल्ली.

"काय रं विलास," गौराक्का म्हणाली. पप्पा सरपटत उंबऱ्याशी येऊन गुडघा धरून बसले होते. तिनं आईकडे बघितलं, मग माझ्या गालाकडे, मग मीटरकडे. "गल्लीतले समदे फ्यूज तू बसिवलास. आन् तुझ्या एकट्याच्याच घरची लाईट सारखी कशी जाती, हे आमी कुणीबी इचारलं न्हाई."

"घरातलं हाय आमच्या," पप्पा म्हणाले. "मागांच्या आवाजात तुमाला काय ऐकू येतंय?"

मग पप्पांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, एकेकाच्या. आणि सावकाश हात वर करून तळहात भिंतीला टेकवला.

भिंत गप्प होती.

तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

आतून पीप पीप जोरात व्हायला लागलं, जवळजवळ सलग. बॅटरी संपत आली की तो तसा करतो. मी म्हणाले, "आई, फ्यूज."

कुणीतरी म्हणालं, "थांबा, वायरमनला..." पण आई पप्पांपुढं वाकली. तिचा डावा डोळा मिटत आला होता. तिनं त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घातला, त्या वाकड्या बोटांनी तो चिनीमातीचा ठोकळा काढला, आणि मीटरजवळ गेली. हयातीत तिनं त्याला हात लावला नव्हता. एकदा उलटा लावून पाहिला, मग सुलटा. कट्ट.

ट्यूब लुकलुकून लागली. पंखा फिरला. यूपीएस गप्प झाला. त्या उजेडात सगळ्यांनी आईचं तोंड पाहिलं, आणि तिनं ते झाकलं नाही.

दवाखाना, पोलीस स्टेशन, पप्पांच्या गुडघ्याचं प्लॅस्टर, ते परत त्या घरात आले नाहीत ते, सगळं त्यानंतर. रिक्षा बोलवायला पोरं पळालीसुद्धा होती. पण आई आतल्या खोलीत आली, काचा पायानं बाजूला सारून खाली बसली आणि म्हणाली, "झालं का गं लिवून?"

"पडदा नाही, काय माहीत. थांबू जरा."

पट्टी दिसत नव्हती म्हणून मी लागतो त्याच्या दुप्पट वेळ थांबले. मग बंद केलं. झाकण उघडून जुना प्रोसेसर काढला, मुस्तफाचाचाचा बसवला. ओठातलं रक्त बोर्डावर पडू नये म्हणून गौराक्कानं माझ्या हनुवटीखाली तिचा पदर धरला होता. दारात बायका उभ्या. त्यांना कशाचं काही कळत नव्हतं, पण कुणी हललं नाही.

"ताई, रिक्षा आली," बाहेरून कुणीतरी सांगितलं.

"थांबू दे," आई म्हणाली. "लाव, उत्कर्षा. बघू काय लिवलंय."

पडदा नसला तरी चालतं. सगळं ठीक असलं की कॉम्प्युटर जागा होताना एकदाच बारीक आवाज देतो. चुकलं असलं तर देतच नाही. मी बटण दाबलं. पंखा घुमला. मी वाट बघितली. आईनं माझा हात धरला.

टीप.

एकदाच. गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल, इतकी शांतता होती. दारातल्या बायका हसायला लागल्या, का ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. उंबऱ्यावर बसलेले पप्पा आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.